ताई आली

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू म्हणाली असशील, ह्याचं काहीतरी काम निघालेलं दिसतंय. निघालंय. पण आधी घरचं. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, आणि "माझी भाची माझ्या घरी का येत नाही" हे तिचं रोजचं पालुपद आहे. मी सांगतो, तिला वेळ नसतो. ती म्हणते, वेळ नसतो की तोंड बघायचं नसतं?

आता काम. ह्या उन्हाळ्यात पाणीखातं लॉनला पाणी द्यायलाच बंदी घालणार आहे. त्यांच्या लेखी लॉन म्हणजे चैन. आमचा हिरवळ उत्पादक संघ एकटा भांडायला गेला तर लोक म्हणणार, हे गालिच्यासारखं लॉन गुंडाळून विकणारे व्यापारी, ह्यांना काय पडलंय पाण्याचं. म्हणून सगळ्या मित्र-संघटनांनी एकत्र जावं असं ठरलंय. रोपवाटिकावाले तयार आहेत, क्रीडाशिक्षकांचा संघ तयार आहे, पाणी वाचवा मंडळसुद्धा बोलायला बसतंय. राहिली तुमची मैदान कर्मचारी संघटना. तुम्ही नसाल तर ह्या आघाडीला काही अर्थ नाही, आणि तुमच्या संघटनेत तुझ्याशिवाय पान हलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या अध्यक्षांनीच मला म्हटलं, तुमची मावसबहीण आहे ना, लिहा तिला. जुनं सगळं विसरून नव्यानं सुरुवात करू म्हणाले. काय सांगू त्यांना?

तुझा ढब्बू


९ फेब्रुवारी

ढब्बूस,

पहिली गोष्ट, मला ताई म्हणू नकोस. तू लहानपणापासून म्हणत आलास ते मला ठाऊक आहे. शाळेत जाताना तुझा भांग मी पाडायची, तेव्हापासून. पण आता तुमच्या धंद्यात त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते तुला चांगलं माहीत आहे. लॉन जळून पिवळा डाग पडला की ग्राउंडवाले एकमेकांना म्हणतात, "तिकडे ताई आली." माझ्याच संघटनेची माणसं म्हणतात. मी आले की जीभ चावतात आणि मी गेले की परत म्हणतात. हा शब्द तुझ्या अध्यक्षानं काढला. तुमच्या वार्षिक जेवणात पेला हातात धरून म्हणाला, "लॉन पिवळं पडलं की समजायचं, ताई येऊन गेली." सगळं सभागृह हसलं. तू कुठल्या टेबलावर बसला होतास ते मी विचारत नाही.

जुनं विसरू म्हणतो काय. ज्यानं केलं त्याला विसरायला काय जातंय?

मूळ प्रकार घडला तेव्हा तू परगावी होतास, म्हणून एकदाच लिहिते. मोठ्या मैदानाची मी प्रमुख होते, तिथे सगळेच मला ताई म्हणायचे. हा तेव्हा अध्यक्ष नव्हता, 'तरतरी' विकायचा. लॉनला पाजा, कमी पाण्यात हिरवंगार राहील म्हणायचा. माप त्यानं स्वतः सांगितलं, मी फवारलं. फवारताना मी नेहमी लॉनवर एक फळी ठेवते आणि झालं की उचलते. फळीखाली औषध लागत नाही. त्यामुळे तो चौकोन आणि बाकीचं लॉन शेजारी शेजारी दिसतं, आणि औषधानं काय केलं ते लपत नाही. आठवडा व्हायच्या आत सगळं मैदान करपलं. हिरवा राहिला फक्त फळीखालचा चौकोन.

मी व्यवस्थापकांना तो चौकोन दाखवायला नेलं. मी तोंड उघडायच्या आत हा पुढे झाला आणि म्हणाला, "बघा, हिनं पाणी एवढ्याच तुकड्याला दिलंय. बाकीचं तहानेनं मेलं." व्यवस्थापकांना गवतातलं काय कळतंय? माझा पुरावा त्यानं माझ्याच नावावर मारला. मला काढलं. तेव्हापासून मी शाळेचं मैदान राखते, आणि तो तुमच्या संघाच्या खुर्चीत बसलाय.

त्याला सांग, व्यासपीठावर उभं राहून माफी मागायची. मग आघाडीचं बघू.

मावशीला सांग, तोंड बघायचं नसतं असं नाही. तिच्या जिन्यात तुझ्या अध्यक्षाबरोबरचा तुझा फोटो लावलाय, तो बघायचा नसतो.


१८ फेब्रुवारी

मावसबहीण बाईसाहेबांस,

मायना कसा वाटला? ताई लिहायचं नाही म्हटल्यावर मी अर्धा तास पेन धरून बसलो होतो. आईनं विचारलं, अर्ज लिहितोयस का?

फोटो काढला. तिथे आता कॅलेंडर आहे.

अध्यक्षांशी बोललो. माफी हा शब्द काढल्यावर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग शांत झाले. म्हणाले, "गैरसमज झाला असल्यास खेद वाटतो, एवढं म्हणेन." मी म्हटलं, थोडं आणखी. तर म्हणाले, "आणि बाईंच्या कष्टांचा मला आदर आहे." ह्याच्या पुढे ते जाणार नाहीत. मी त्यांना ओळखतो.

त्यांची एक अटही आहे, तीही लपवत नाही. एप्रिलअखेर शाळेच्या मैदानावर, म्हणजे तुझ्याच मैदानावर, सगळ्या संघटनांनी मिळून एक प्रात्यक्षिक करायचं. कमी पाण्यात लॉन कसं जगतं ते पाणीखात्याच्या साहेबांना दाखवायचं. पाण्याचं वेळापत्रक पाणी वाचवा मंडळाचं, देखभाल तुमची, आणि फवारणी तरतरीची. ही संधी ते सोडणार नाहीत.

तू चिडशील हे माहीत आहे. पण एक सांग, ती तरतरी खरंच एवढी वाईट आहे का? बाजारात अजून खपते.

ढब्बू


२६ फेब्रुवारी

ढब्बूस,

खपते कारण लोक पाणी भरपूर देतात आणि हिरवेपणाचं श्रेय बाटलीला देतात. पाणी भरपूर असलं तर ती निरुपद्रवी. पाणी कमी पडलं की मुळं भाजते. म्हणजे ज्या कामासाठी विकतात नेमक्या त्याच कामाला ती चालत नाही. हे मी सात वर्षं ओरडून सांगतेय, पण सांगणारी कोण, तर ताई.

"गैरसमज झाला असल्यास." असल्यास काय, असल्यास? माझी खुर्ची गेली, नाव गेलं, नाव गेलं ते गेलं आणि जळक्या डागाला चिकटलं, आणि हा असल्यास म्हणतो. त्याचा खेद त्याच्याकडेच ठेव म्हणावं, पुढे लागेल.

परवा नवीन लागलेली एक पोरगी माझ्यासमोरच म्हणाली, "बाई, नळाजवळ ताई आलीय." तिला ठाऊकच नव्हतं की ती ताई म्हणजे मी. मी म्हटलं, हो का, बघते. अवजारांच्या खोलीत गेले, कुदळ घेतली आणि तो डाग मुळापासून खणून काढला. तुला सांगते, त्या दिवशी तुझा अध्यक्ष समोर असता तर कुदळ थांबली नसती.

उत्तर नाही म्हणून कळव.


६ मार्च

मैदान कर्मचारी संघटनेच्या अध्यक्ष यांस,

आता हा मायना. रागावल्यावर तू फारच मोठी वाटतेस, म्हणून.

नाही म्हणून कळवलं नाही. मला जमलं नाही. बंदी आली तर सगळ्यात आधी कोण घरी बसेल? अध्यक्ष नाही, ते बाटल्या दुसरीकडे विकतील. मीही नाही. तुझी माणसं बसतील. ज्या मैदानाला पाणी नाही त्याला राखणारा कशाला हवा, असंच म्हणतील ना? क्रीडाशिक्षकांचे सचिव काल भेटले, तेही हेच म्हणाले. पाणी वाचवा मंडळाच्या बाई तर म्हणाल्या, "त्या मैदानवाल्या बाई असतील तर आम्ही येतो, नुसत्या विक्रेत्यांबरोबर आम्ही उभं राहणार नाही." तुझं नाव घेऊन म्हणाल्या. तेव्हा नाव गेलं असं सरसकट म्हणू नकोस.

तुझा राग खोटा नाही. पण त्या रागापायी तुझीच माणसं उपाशी राहावीत असं तुला वाटत नसणार.

ढब्बू


१३ मार्च

ढब्बूस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं म्हणणं खरं आहे आणि मला ते आवडलेलं नाही.

मी तयार आहे. माफी नको, खेद नको, आदर तर मुळीच नको. तरतरीची अटही मान्य. फक्त फळी लागणार. माझ्या मैदानावर फळीशिवाय फवारणी होत नाही, हे तुझ्या अध्यक्षाला चांगलं माहीत आहे. करारात एवढं लिही: "मैदानावर तरतरी कंपनीच्या मापात फवारली जाईल, आणि फळ्या लावून एक चौकोन वेगळा ठेवला जाईल." हेच शब्द. तुझ्या सुवाच्य अक्षरात.

फवारणीला सगळ्या मित्र-संघटनांची माणसं हवीत. आघाडी म्हणायची तर हातही सगळ्यांचे लागू देत. दिवस मी कळवीन.

आणि आता मावशीला घेऊन एकदा ये. भेटून खूप दिवस झाले.


२२ मार्च

प्रिय बहिणीस,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं आणि आईनं डोळे पुसले. "बघ, शेवटी माझ्याच बहिणीची पोर," म्हणाली.

अध्यक्ष खूश आहेत. फळीचं वाचल्यावर हसले आणि म्हणाले, "ठेवू द्या तिला फळी. उलट बरं झालं. तरतरी न दिलेला तुकडा कसा वाळतो ते साहेबांना मीच दाखवीन." भाषण लिहायलाही बसलेत. तू मोठ्या मनानं माफीची अट मागे घेतलीस हे मी त्यांना सांगितलं. तेही म्हणाले, काळानं माणूस शहाणा होतो.

फवारणीचा दिवस कळला, पण नेमकी त्याच दिवशी आमच्या संघाची सभा आहे. आमचं कुणी येऊ शकणार नाही. तारीख बदलता येईल का? नसेल तर राहू दे, तुझ्यावर विश्वास आहे.

तुझा आनंदी ढब्बू


२९ मार्च

ढब्बूस,

तारीख बदलता येणार नाही. तुमची सभा कधी असते ते मला माहीत होतं.

फवारणी व्यवस्थित झाली. कंपनीचं माप, थेंब इकडेतिकडे नाही. पाणी वाचवा मंडळाच्या बाईंनी मापं वाचली, क्रीडाशिक्षकांनी पंप मारला, रोपवाटिकावाल्यांनी फळ्या धरल्या. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आघाडी छान जमली.

अध्यक्षांना सांग, भाषण नीट पाठ करा.


३० एप्रिल

मावसबहिणीस,

काल रात्रभर झोप नाही. आज लिहितोय ते रागानं लिहितोय, आणि खोडणार नाही.

मी तिथे होतो. आईला खुर्ची देऊन सावलीत बसवलं होतं. पाणीखात्याचे साहेब आले. मैदान बघून ते थांबलेच. एवढ्या उन्हात, एवढ्या कमी पाण्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवं. आणि मधोमध एक चौकोन, जळून तांबूस झालेला, कडा सुरीनं कापल्यासारख्या. माझा ऊर भरून आला. म्हटलं, झालं, जिंकलो.

अध्यक्ष त्या चौकोनापाशी गेले. कुणालाही काही न विचारता. बुटाचं टोक त्यावर आपटून म्हणाले, "साहेब, हा तुकडा बघा. इथे फळी होती, म्हणून इथे तरतरी लागली नाही. तरतरी नसली की गवताचं हे होतं. बाकी सगळं मैदान तरतरीवर जगलंय." आणि बोलत राहिले. बोलतच राहिले. मी आजूबाजूला बघितलं. क्रीडाशिक्षकांचे सचिव आकाशाकडे बघत होते. पाणी वाचवा मंडळाच्या बाईंनी ओठ दाबून धरले होते. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

मग तू म्हणालीस, "अध्यक्षसाहेब, ह्या वेळी फळ्या चार होत्या. चौकट करून ठेवल्या आणि आत फवारलं. बाहेर एक थेंब नाही. तरतरी फक्त तुमच्या बुटाखाली आहे."

साहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. एकेक मान हलली. रोपवाटिकावाला म्हणाला, मी स्वतः फळी धरली होती. अध्यक्षांनी बूट उचलला. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. एका पायावर उभा राहिलेला तो माणूस मी जन्मभर विसरणार नाही.

पाणी मिळालं. आठवड्यातून ठरावीक दिवशी, मंडळाच्या वेळापत्रकाप्रमाणे. तुझी माणसं वाचली. सगळं खरं. पण करार मी लिहिला होता. माझ्या सुवाच्य अक्षरात. सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. त्यांच्या फळ्या लाकडाच्या होत्या. तू मलासुद्धा फळी केलंस.


८ मे

ढब्बूस,

हो, केलं.

तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं. तू लहानपणी कैरी चोरून आलास तरी तोंडावर दिसायचं. आणि दुसरं कारणही सांगते, आता लपवायचं काही उरलं नाही. त्या वार्षिक जेवणात तू तिसऱ्या टेबलावर होतास, आणि तूही हसला होतास. मला मावशीनं सांगितलं, तू घरी येऊन तिला तो विनोद ऐकवलास म्हणून. तिनं तुला तेव्हा जेवायला वाढलं नव्हतं, आठवतंय का? त्याचं उसनं मी तुझ्याकडून फेडून घेतलं. आता तुझा-माझा हिशेब मिटला.

त्याचा नाही मिटला. परवा तो माझ्या घरी आला होता. फाटकाबाहेर उभा. म्हणाला, "बाई, तरतरीचं तेवढं एक पिंप खराब निघालं असेल असं तुम्ही एकदा म्हणा. माझा धंदा बुडतोय. गैरसमज झाला असल्यास दूर करा." अजून त्याचं असल्यास सुटत नाही. मी त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही, आत लॉन आहे. रणरणतं ऊन होतं. पाणीही विचारलं नाही. म्हटलं, पाणी मोजून मिळतं आता, तुम्हाला तर कमी पाण्यात तरतरीत राहायची सवय आहे. तो गेला. मी दारात उभी राहून तो वळणापर्यंत जाताना बघितला आणि मग आत येऊन पोटभर जेवले.

तू म्हणशील, केवढा हा डूख. आहे. सात वर्षं पाणी घालून जपलेला आहे.

पण खरं सांगू? चौकोन मी जिंकले, शब्द नाही जिंकले. काल नळाजवळ परत कुणीतरी म्हणालं, ताई आली. लोक हसतील त्याच्यावर दोन महिने. ताई मात्र माझ्या मरणानंतरही येत राहील. ते काही माझ्या हातात नाही.

मावशीला नमस्कार. तू राग धरलास तर धर. मी काही कुणाला राग सोड म्हणणारी नाही.


१९ जुलै

ती. ताईस,

मायना मुद्दाम लिहिलाय. पत्र पूर्ण वाच आणि मग रागाव.

बरेच दिवस लिहिलं नाही. राग धरला होता. आई म्हणाली, धर, पण तिसऱ्या टेबलावरचं तुझं हसणं आधी आठव आणि मग धर. मग काही धरता येईना.

आमच्या कार्यकारिणीनं अध्यक्षांना आराम करायला सांगितलं. मला आघाडीच्या संयुक्त समितीवर पाठवलंय, म्हणजे आता ह्या मित्र-संघटनांची मैदानं बघत हिंडायचं. काल एका लांबच्या क्लबाच्या मैदानावर गेलो होतो. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तुलाही नाही. यंदा पाऊस लांबलाय, म्हणून मैदान राखणाऱ्या एक बाई पाइप ओढत होत्या. मी गोलपोस्टकडे निघालो तर त्यांनी हाक मारली, "साहेब, तिकडनं नका जाऊ. गोलमागे अध्यक्ष बसलेत."

म्हटलं, हे इथे काय करतायत? गोलपोस्टच्या मागे जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. हातभर जळलेला डाग होता.

मी तिथेच गवतावर बसलो आणि हसत सुटलो. बाई घाबरल्या, पाणी घेऊन आल्या. मी विचारलं, ह्याला अध्यक्ष कधीपासून म्हणता? त्या म्हणाल्या, सगळेच म्हणतात, दोन महिन्यांपूर्वी मी कामाला लागले, तेव्हापासून हेच ऐकते. परवा तर आमच्याकडे सगळी कार्यकारिणी बसली होती. मी विचारलं, आधी ह्याला 'ताई आली' म्हणायचे ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण ताई?"

"माझी," मी म्हटलं.

तुझा,
ढब्बू